पैसा कुणाचा? सोलापुरातून पोस्टडॉक शोधताना

पीएच.डी. झाली की सोलापुरात नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मग, आता पर्मनंट कुठं?' मी पोस्टडॉक शोधतेय म्हटल्यावर आमच्या मामांना वाटलं, ही अजून एक पदवी घ्यायला निघाली. 'अगं, शिकून शिकून किती शिकशील?' मग त्यांना सांगितलं की ही पदवी नव्हे, परीक्षाही नव्हे. ठरावीक मुदतीची पगारी नोकरी आहे. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जायचं, वर्ष-दोन वर्षं पूर्णवेळ संशोधन करायचं, पेपर लिहायचे आणि त्या जोरावर पुढची जागा बघायची. मामांनी आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिले. शिक्षणाबद्दल त्यांनी पुढं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, 'आणि पगार कोण देणार?'

नंतरच्या सगळ्या धावपळीत जे काही उमगलं ते याच प्रश्नाभोवती फिरत होतं, म्हणून मीही तिथूनच सांगते. पण त्याआधी माझ्या कामाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी पीएच.डी. केगावची, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातली. विषय पदार्थविज्ञान, आणि काम निकेल हायड्रॉक्साइडच्या थिन फिल्मवर, म्हणजे ऊर्जा साठवणाऱ्या इलेक्ट्रोडवर बसवलेल्या अगदी पातळ थरावर. आमच्या सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यात थिन फिल्मवाले इतके का, याचं कारण सरळ आहे. ते स्वस्तात होतं. व्हॅक्यूमची महागडी यंत्रं लागत नाहीत. काही बीकर, एक हॉटप्लेट, स्टीलच्या पट्ट्या आणि भरपूर चिकाटी असली की झालं. सिलार पद्धतीत ती पट्टी एका द्रावणात बुडवायची, पाण्यात खंगाळायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा खंगाळायची. असं शे-दीडशे वेळा केलं की हवा तेवढा थर बसतो.

थर बसवणं स्वस्त, पण त्याची तपासणी महाग. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी थराची स्फटिकरचना बघणं, कुठं ना कुठं जवळपास होऊन जातं. एक्सपीएस (पृष्ठभागावर कुठली मूलद्रव्यं कशा रूपात आहेत ते सांगणारी तपासणी) किंवा टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी) म्हटलं की सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं. आमची सॅम्पल छोट्या डब्यांत बंद होऊन कुणातरी सीनियरच्या बॅगेतून दक्षिण कोरियाला जायची. तिकडं आमच्याच लॅबमधले दादा लोक पोस्टडॉक करत असायचे. ते मोजून डेटा पाठवायचे, पेपरात त्यांचं आणि त्यांच्या प्रोफेसरांचं नाव लागायचं. आमच्या भागातली इतकी मुलं सोल, बुसान, ग्वांगजूला कशी पोहोचली असं बाहेरचे विचारतात, तेव्हा मला त्या डब्या आठवतात. तिथल्या प्रोफेसरला आमचं काम जाहिरातीतून कळलेलं नसतं, ते त्याच्याच यंत्रावर मोजलेलं असतं.

थिसिस जमा केल्यापासून मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. सीएचबी. जितके तास घ्याल तितके पैसे, तेही हातात कधी पडतील याचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. पर्मनंट जागेसाठी एका ठिकाणी चौकशी केली, तर 'संस्थेसाठी तुम्ही काय करू शकाल?' असं विचारलं गेलं. विचारण्याच्या सुरावरूनच आकडा लाखांत आहे हे कळलं. घरी त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

तर, पैसा कुणाचा? पोस्टडॉकचा पगार एक तर प्रोफेसरच्या प्रोजेक्टमधून येतो, नाही तर तुमच्या स्वतःच्या नावावर मिळालेल्या फेलोशिपमधून, नाही तर संस्थेच्या तिजोरीतून, जसं आयआयटी किंवा आयआयएससी आपले पोस्टडॉक नेमतात. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, कारण हुद्दा एकच. आतून सगळं वेगळं. प्रोजेक्टचा पैसा असेल तर प्रोफेसरच्या मनात आलं की पंधरा दिवसांत काम होतं, पण विषय त्याचा, घाई त्याची, आणि प्रोजेक्ट संपला की तुमचा करारही संपला. फेलोशिपचा पैसा तुमचा, विषय बराचसा तुमचा, पण अर्ज लिहिण्यात महिने जातात आणि निकालाची वाट बघण्यात त्याहून जास्त. संस्थेचा पैसा या दोन्हींच्या मधला. तिथं जाहिरात, सेमिनार, मुलाखत असा रीतसर मामला असतो. हे आधी ठरवलं नाही तर माणूस फेलोशिपला शोभेल असं पत्र प्रोजेक्टवाल्या प्रोफेसरला पाठवतो आणि उत्तर का येत नाही म्हणून झुरत बसतो.

पहिला प्रयत्न अर्थात देशातलाच. आपल्याकडे नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप, म्हणजे एनपीडीएफ, हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. ती आधी एसईआरबी, म्हणजे संशोधनाला निधी देणारं केंद्राचं मंडळ, द्यायचं. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आणि एसईआरबी त्यात विलीन झालं. एसईआरबीच्या काळात महिना ५५,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता आणि संशोधनाच्या खर्चाला वर्षाला २ लाख अशी रचना होती, मुदत दोन वर्षं. वयाची अट ३५, बायकांना पाच वर्षांची सवलत. मुलगी झाल्यावर माझं दीड वर्ष लॅबच्या बाहेर गेलं होतं, त्यामुळे ती सवलत मला कागदावरची वाटली नाही. थिसिस जमा झालाय पण पदवी हातात नाही, अशांनाही अर्ज करता यायचा. फक्त पदवी मिळेपर्यंत रक्कम कमी, ३५,०००. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपचंही नाव कानावर येत होतं. महिना सव्वा लाख, पाच वर्षं, शिवाय संशोधनाला वर्षाला ७ लाख. पण ती पोस्टडॉकच्या वरची पायरी आहे. तिथं स्वतःचा स्वतंत्र कार्यक्रम मांडावा लागतो. माझ्या पेपरांकडं बघून मी तिकडं वळले नाही.

एनपीडीएफला मेंटर आधी लागतो. त्याची संमती, त्याच्या संस्थेचं पत्र, मग तुमचा प्रस्ताव. पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या मॅडमना ईमेल केला, त्यांनी 'येऊन भेटा' म्हणून सांगितलं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, दिवसभर पुण्यात काम करायचं, संध्याकाळच्या हुतात्मानं परत यायचं, हे सोलापूरकरांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मॅडमनी माझा प्रस्ताव वाचला होता. पहिलंच वाक्य बोलल्या ते असं: 'यात तुझ्या पीएच.डी.चा सातवा चॅप्टर आहे. मला पहिला चॅप्टर हवाय.' म्हणजे जुन्याच निकेल हायड्रॉक्साइडमध्ये थोडं कोबाल्ट मिसळून दाखवू नकोस. त्यांच्याकडं पाण्यावर चालणाऱ्या झिंक-आयन बॅटरीचं काम चाललं होतं. मला थर बसवता येत होते, त्यांना झिंकवर उगवणाऱ्या सुयांसारख्या डेंड्राइटना आवर घालणारा थर हवा होता. दुपारच्या जेवणाआधी प्रस्तावाचं शीर्षक बदललं होतं. फॉर्म त्याच शीर्षकानं भरला आणि मग वाट बघणं सुरू झालं.

वाट बघता बघता परदेशी फेलोशिपच्या अटी वाचून काढल्या. यातल्या काही आमच्याकडच्या मुलांना माहीतच नसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला पोस्टडॉक म्हणून अर्ज करायचा तर पीएच.डी. होऊन चार वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला चालत नाही. अर्जाला ठरावीक शेवटची तारीख नाही, वर्षभर करता येतो. पण यजमान प्रोफेसरचं पत्र आधी लागतं. जपानच्या जेएसपीएस या निधी संस्थेच्या फेलोशिपमध्ये मर्यादा सहा वर्षांची आहे, महिना ३,६२,००० येन मिळतात, आणि अर्ज तुम्ही करायचा नसतो, जपानमधला यजमान करतो. म्हणजे तिथल्या माणसाला तुमच्यासाठी फॉर्म भरावासा वाटला पाहिजे! युरोपातली मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप सगळ्यात भारदस्त. तिचे अर्ज साधारण सप्टेंबरपर्यंत घेतले जातात. प्रस्तावाचा मुख्य भाग दहा पानांचा. गुण असे: कल्पनेच्या दर्जाला ५० टक्के, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०. तिची एक अट अशी की ज्या देशात जायचं तिथं गेल्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. ही अट आम्हाला कधीच आडवी येत नाही. आम्ही सोलापूरच सोडलेलं नसतं. ८५ टक्क्यांच्या वर गुण मिळूनही पैसा नाही मिळाला, तर 'सील ऑफ एक्सलन्स' देतात आणि काही देश त्या प्रमाणपत्रावर आपला पैसा देतात. मी पोर्तुगालमधल्या एका गटाशी बोलणी सुरू केली होती. त्यांनी पुढच्या सप्टेंबरचं सुचवलं, ते दार अजून उघडंच आहे.

पण मला लवकर जागा हवी होती, म्हणून मोर्चा प्रोजेक्टच्या पैशाकडं वळवला. इथं माझं मत जरा वेगळं आहे. युरॅक्सेस, नेचर करिअर्स, लिंक्डइन यांवरच्या जाहिराती मी रोज वाचत होते, पण अर्ज करण्यापेक्षा माहितीसाठी. पुष्कळदा जाहिरात निघते तेव्हा माणूस मनात ठरलेला असतो, नियम म्हणून ती काढावी लागते. तरी जाहिरातीवरून एक पक्कं कळतं, की या गटाच्या हातात आत्ता पैसा आहे. आणि ज्याच्याकडं एका जागेचा पैसा आहे त्याच्याकडं सहा महिन्यांनी दुसऱ्या जागेचा असू शकतो.

पैशाचा माग काढायची याहून चांगली जागा म्हणजे पेपरच्या शेवटी असलेले आभार. तो परिच्छेद कुणी वाचत नाही. त्यात ग्रँटचा नंबर असतो. युरोपातल्या ग्रँट कॉर्डिसच्या संकेतस्थळावर सापडतात, जर्मनीतल्या डीएफजी या निधी संस्थेच्या गेप्रिसवर, अमेरिकेतल्या एनएसएफ या निधी संस्थेच्या अवॉर्ड सर्चवर. प्रोजेक्ट कधी सुरू झाला, कधी संपणार, सगळं तिथं लिहिलेलं असतं. ज्याचा प्रोजेक्ट चार महिन्यांत संपतोय त्याला पत्र लिहून काय उपयोग? उलट ज्याला नुकतीच युरोपीय रिसर्च कौन्सिलची स्टार्टिंग ग्रँट मिळाली, त्याच्याकडं पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत रक्कम असते आणि लॅब अजून रिकामी असते. त्याला माणसं हवीच असतात. मी एका वहीत नावांसमोर प्रोजेक्ट संपण्याचं वर्ष लिहून ठेवलं होतं. आमच्या लॅबमधली पोरं ती वही बघून हसायची, 'ही काय पोस्टडॉक शोधतीय का वसुली करतीय बे?'

आता पत्राबद्दल. आमच्याकडं एक ठरलेलं पत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरुवात, मग 'आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची तीव्र इच्छा', मग विद्यापीठाचं नाव, पेपरांची संख्या, एच-इंडेक्स, शेवटी 'आपल्या कृपादृष्टीची अपेक्षा'. असं पत्र कुठल्याही प्रोफेसरला, कुठल्याही विषयात चालतं, आणि म्हणूनच ते कुणाला लागू पडत नाही. मी माझं पत्र उलट्या बाजूनं लिहिलं. विषयाच्या ओळीत तंत्राचं नाव आणि मी कधीपासून मोकळी आहे ते. पहिल्या वाक्यात त्यांच्या एका विशिष्ट पेपरातली एक विशिष्ट अडचण: 'तुमच्या आकृती चारमध्ये चार्ज-डिस्चार्जच्या दोन हजार चक्रांनंतर क्षमता घसरते आणि थर खालच्या पट्टीपासून सुटतो असं तुम्ही म्हटलंय.' दुसऱ्या परिच्छेदात, या अडचणीवर माझ्या हातांना काय येतं: स्टीलवर आणि कार्बन कापडावर सिलारनं थर चिकटवणं, कुठल्या तापमानाला, किती जाडीचा, तो किती चक्रं टिकला. तिसऱ्यात पैशाची गोष्ट, आडवळण न घेता: तुमच्याकडं प्रोजेक्टमधून जागा आहे का? नसल्यास अमुक फेलोशिपसाठी तुम्ही यजमान व्हाल का? खाली दोन पानी सीव्ही आणि एकाच पेपरचा दुवा. संपलं. मोबाइलवर एका नजरेत वाचून होईल एवढंच.

उत्तरं सगळ्यांची आली नाहीत, पण जी आली ती माणसानं लिहिलेली होती. एक जण म्हणाले, पैसा नाही पण प्रश्न चांगला आहे, आणि दुसऱ्या गटाचं नाव सुचवलं. पत्र कधी पाठवावं यालाही अर्थ आहे. कोरियात शैक्षणिक वर्ष मार्चला सुरू होतं, जपानमध्ये एप्रिलला. त्याआधीच्या हिवाळ्यात तिथं माणसं ठरतात. युरोपात ऑगस्टमध्ये लिहिलेलं पत्र सुट्टीच्या ढिगाखाली जातं.

सीव्हीमधून मी वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि शेवटचं 'वरील माहिती खरी असल्याचं मी घोषित करते' हे सगळं काढलं. यंत्रांच्या यादीचे दोन भाग केले: जी मी स्वतः चालवली ती वेगळी, ज्यांचा डेटा दुसऱ्यानं घेऊन दिला ती वेगळी. एक्सपीएस दुसऱ्या भागात. आमच्या एका सीनियरनं 'असं कोण लिहितं का?' म्हणून वेड्यात काढलं, पण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला.

कोरियातून मुलाखत आली ती नेमकी गड्ड्याच्या दिवसांत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वज निघतात, आणि आमचं घर उत्तर कसब्यात. कोरियातले सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसहा. घरी गर्दी, पाहुणे, हलगी. मी आदल्या रात्रीच विजापूर रोडला मैत्रिणीकडं मुक्कामाला गेले.

मीटिंगमध्ये प्रोफेसर आणि त्यांचे दोन पोस्टडॉक होते. प्रोफेसरांनी विचारलं, 'एक्सपीएसचे पीक कुणी फिट केले?' म्हणजे आलेखातल्या उंचवट्यांचा अर्थ कुणी लावला. मी सांगितलं, मोजणी तुमच्याच देशात झाली, फिटिंग माझं. मग त्यांनी पार्श्वभूमी कशी वजा केली, निकेलचे सॅटेलाइट पीक कुठं धरले, यावर बराच वेळ घेतला. पुढचा प्रश्न मला अपेक्षित होता, तरी पोटात गोळा आलाच: 'तुमच्या इलेक्ट्रोडवर वजन किती?' आमच्या क्षेत्रात हा हळवा विषय आहे. थर जितका पातळ, तितकी दर ग्रॅममागची क्षमता डोळे दिपवणारी येते, कारण भागाकारात खालचा आकडा इवलासा. बाजारातल्या इलेक्ट्रोडवर साधारण १० मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर पदार्थ असतो. आमच्या थिन फिल्मवर एक मिलिग्रॅमही नसतो. मी वजन सांगितलं, आणि त्याबरोबर दर चौरस सेंटिमीटरची क्षमताही सांगितली, जी अजिबात डोळे दिपवणारी नव्हती. एका पोस्टडॉकनं पुढं विचारलं, 'निकेल हायड्रॉक्साइड हा सुपरकपॅसिटर की बॅटरी?' हाही जुना वाद; सुपरकपॅसिटर म्हणजे ऊर्जा झटपट साठवून झटपट देणारं साधन. डिस्चार्जच्या आलेखात सपाट पठार दिसतं, विद्युतप्रवाह-व्होल्टेजच्या आलेखात वर-खाली ठळक पीक दिसतात, म्हणजे वागणूक बॅटरीची; तरी शेकडो पेपर त्याला फॅरड प्रति ग्रॅम लावून सुपरकपॅसिटर म्हणतात. व्हायवात बाहेरचे परीक्षक याच मुद्द्यावर घोळात घेतील हे मला आधीच ठाऊक होतं, म्हणून थिसिसच्या शेवटच्या प्रकरणात मी क्षमता मिलिअँपिअर-तासांतही दिली होती. ते पान स्क्रीनवर दाखवलं. तिथं मुलाखतीचा सूर बदलला.

शेवटी प्रोफेसरांना हसू आलं ते एका वेगळ्याच ओळीवर. आमच्या बहुतेक पेपरांत 'रूम टेम्परेचर, २७ अंश' असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात सोलापूरच्या खोलीत २७ अंश कुठून येणार? मी माझ्या थिसिसमध्ये प्रत्येक फिल्मच्या पुढं द्रावणाचं खरं तापमान लिहिलं होतं. काही ठिकाणी ३९, ४०. ते म्हणाले, 'हे खरंच खोलीचं तापमान आहे?' मी म्हटलं, 'पंखा चालू असताना.'

शिफारसपत्रांचं थोडक्यात सांगते. तीन माणसं लागतात. गाईड सर होते, पुण्याच्या मॅडम तयार झाल्या, तिसरे सहलेखक दादा, पण त्यांच्याकडं तेव्हा फक्त जीमेल होता आणि काही ठिकाणी संस्थेचाच ईमेल मागतात. 'तूच लिहून दे, मी सही करतो' म्हणणारे खूप भेटतात. तसं पत्र घेऊ नये असं मी म्हणणार नाही, पण तिन्ही पत्रांची भाषा एकाच हातची वाटू नये एवढं तरी बघावं. आणि या काळात मला 'निवड झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा' असे दोन-तीन ईमेल आले, विद्यापीठाच्या बोधचिन्हासकट. खरा प्रोफेसर पैसे देतो, मागत नाही. मामांना हे लगेच पटलं.

कोरियाहून होकार आला. करार एक वर्षाचा, काम बघून वाढवणार. होकार आल्यावरही लगेच 'यस सर' म्हणून मोकळं व्हायचं नाही, हे मला दादानं फोनवर बजावलं. 'अगं, विचार सगळं. विचारल्यावर कुणी काढून टाकत नाही.' मग विचारलं: आरोग्य विमा कुणाचा, तिकीट कोण देणार, पैसा कुठल्या प्रोजेक्टचा आणि तो कधीपर्यंत, पहिल्या लेखकाचं नाव कसं ठरतं. शनिवारी लॅबला यावं लागतं का, हे मात्र प्रोफेसरांना न विचारता तिथल्या पोस्टडॉकला विचारलं. तो म्हणाला, 'यावं लागत नाही. पण सगळे येतात.'

घरची बाजू सोपी नव्हती. नवरा बँकेत, मुलगी चार वर्षांची. ठरलं असं की सहा महिने मी एकटी, मग मुलगी आणि नवरा रजा काढून काही दिवस येतील. कुटुंबासाठी एफ-३ व्हिसा असतो. सासूबाईंचा मुद्दा सोलापुरी होता. त्यांनी डॉक्टर कोटणीसांचं उदाहरण काढलं. आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथंच लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. 'गेले ते गेलेच की,' सासूबाई म्हणाल्या. नवरा म्हणाला, 'आई, ते चीन. हे कोरिया.' 'शेजारीच हाय की,' असं म्हणून त्या शेंगाचटणी कुटायला उठल्या. तो होकार समजायचा असतो.

मग कागदपत्रं. संशोधकाचा व्हिसा ई-३. त्यासाठी पदवीवर ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी प्रमाणीकरणाचा शिक्का, लागतं. त्याआधी राज्य पातळीवरची पडताळणी, म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून मुंबई. भारतीयांना क्षयरोग नसल्याचं प्रमाणपत्रही द्यावं लागतं, आणि ते दूतावासानं नेमून दिलेल्या रुग्णालयाचंच. सगळ्यात वेळ खाल्ला तो नावानं. माझे पेपर, पदवी, पासपोर्ट माहेरच्या नावाचे. आधार आणि बँक सासरच्या. मुलीच्या जन्मदाखल्यात आई म्हणून तिसराच प्रकार, मधल्या नावासकट. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, त्यांची भाषांतरं, त्यावर पुन्हा शिक्के. लग्न ठरलेल्या मुलींना मी आता एवढंच सांगते की पेपरवरचं नाव बदलू नका, ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, आणि पासपोर्टचं नाव पदवीला जुळेल असं ठेवा.

एनपीडीएफची यादी लागली तेव्हा मी याच शिक्क्यांच्या मागं होते. यादीत नाव नव्हतं. पुण्याच्या मॅडमनी स्वतः फोन केला आणि म्हणाल्या, झिंकचं ते काम कोरियात करता आलं तर कर, नाहीतर परत आल्यावर आपण करू. कोरियाच्या प्रोफेसरांना मी ते शीर्षक पाठवलंय. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये ते बसतं का, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. पैसा त्यांचा आहे, ठरवणार तेच.

सध्या विभागातली पोरं माझ्याकडं पत्राचा नमुना मागतात. मी प्रोफेसरचं नाव काढून देते आणि सांगते, नुसती चाल बघा, मजकूर तुमचा लिहा. एकानं तो नमुना जसाच्या तसा तैवानला पाठवला. त्याचा विषय अमोनियाचे गॅस सेन्सर. पत्रात मात्र माझं निकेल हायड्रॉक्साइड, माझी दोन हजार चक्रं, सगळं शाबूत. तिकडून दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: मजकूर आवडला, पण तुमच्या सीव्हीत बॅटरी कुठं दिसत नाही, तेवढं समजावून सांगाल का? तो काल दुपारभर माझ्यासमोर बसून त्याचं उत्तर लिहीत होता. पहिला परिच्छेद चांगला जमलाय त्याला.